विहीणबाईंच्या माहेरचा लोण्याचा सण



आपल्या मराठी वर्गाच्या पुस्तिकेसाठी ‘मी साजरा केलेला एक सण’ या विषयावर लिहा, असा निरोप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार, ही बाई मलिद्यावरच लिहिणार. मलिद्यावर गेल्या खेपेस तिघींनी लिहिलं होतं आणि तिघींचं पोह्या-खोबऱ्याचं प्रमाण वेगळं होतं. त्यावरून पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी दुसराच सण घेते. तो आपला नाही, रशियन लोकांचा आहे. त्याचं नाव मास्लेनित्सा. २०१९ सालच्या मार्चमध्ये, वोल्गा नदीकाठच्या यारोस्लाव्ल शहरात, विहीणबाईंच्या बहिणीच्या घरी राहून मी तो पाहिला. ‘पाहिला’ म्हणायचं की ‘साजरा केला’, हे माझं अजून ठरत नाही. वाचून झाल्यावर तुम्हीच सांगा.

मुलांसाठी आधी थोडं सांगते. रशियन भाषेत ‘मास्लो’ म्हणजे लोणी, आणि तेलालाही तोच शब्द. त्यावरून मास्लेनित्सा. ईस्टरच्या आधी सात आठवडे रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो. त्यात मांस, दूध, लोणी, अंडी सगळं बंद. उपास लागायच्या आधीचा शेवटचा आठवडा हा मास्लेनित्साचा. या आठवड्यात मांस आधीच सुटलेलं असतं. दूध, लोणी, अंडी आणि मासे मात्र चालतात. मग सात दिवस घराघरांत ब्लिनी. ब्लिन म्हणजे त्यांचं घावन. गोल, पातळ, गरम आणि पिवळं. सूर्यासारखं दिसतं म्हणून हिवाळा सरताना खायचं, असं ते सांगतात. चर्चच्याही आधीची, हिवाळ्याला निरोप द्यायची रीत यात मिसळली आहे असं मानतात. सोव्हिएत राज्यात चर्चचं नाव घ्यायची सोय नव्हती, तेव्हा याच सणाला ‘रशियन हिवाळ्याची पाठवणी’ म्हणत. ब्लिनी मात्र तीच होती.

‘मास्लो’चा अर्थ कळला तेव्हा मला हसू आलं. आपले वाडवडील कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. धाकटा म्हणाला, “आई, तेल्याच्या नातीने तेला-लोण्याच्या सणाला जायला काय हरकत आहे?” मी म्हटलं, हरकत आहे की नाही ते मी बघेन.

हरकत होती, आणि ती सणाची नव्हती.

माझ्या धाकट्याने २०११ साली अश्दोदच्याच एका रशियन घरातली मुलगी केली. तिचे वडील यहुदी होते, आई नाही. आपल्या देशाच्या कायद्याने हे कुटुंब १९९१ मध्ये इथे आलं, नागरिक झालं, मुलीने सैन्यात नोकरी केली. पण यहुदीपण आईकडून येतं, म्हणून इथे त्या दोघांचं लग्न लागू शकत नव्हतं. असे पुष्कळ जण करतात तसं त्यांनी सायप्रसला जाऊन लग्न केलं.

लग्नाआधी मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा विहीणबाईंनी टेबलावर चहा ठेवला होता. सोबत मुरंबा होता. मी चहाला हात लावायच्या आधीच विचारलं, “तुमच्या आईकडून कोण? आजीचे काही कागद आहेत का?” माझं हिब्रू चांगलं आहे, तिला सगळं कळलं. ती काही बोलली नाही. तिने माझ्यासमोरचा कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला. आम्ही दहा मिनिटांत तिथून निघालो.

घरी येताना बसमध्ये मला आक्काची आठवण आली नाही, हे मी इथे लिहून ठेवते. यायला हवी होती.

आम्ही १९६३ साली आलो, मी अकरा वर्षांची होते. थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं, लग्न मुंबईतच ठरलं होतं. मुलगा आमच्या आधी येऊन पोचलेला. इथे आल्यावर नोंदणीला गेलो तर एका कचेरीत बाबांना विचारलं, मुलीच्या आजीचं आणि आजीच्या आईचं लग्न कोणी लावलं, त्याचा दाखला आणा. माझी आजी नवगावची. तिच्या आईच्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? तिला कोणी विचारलं असतं तर तिने मांडवात कोण कोण जेवलं ते सांगितलं असतं. बाबा त्या दिवशी घरी आले आणि टोपी काढून खाटेवर बसले, जेवले नाहीत. आक्काचं लग्न वर्षावर लांबलं. ते दिवस आपल्या मोठ्या माणसांना आठवत असतील. आपली माणसं १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरून बसली, बाबाही होते. त्या वर्षी क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. तेव्हा कुठे आक्काच्या हाताला मेंदी लागली.

आणि त्याच बाबांच्या मुलीने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून कागद मागितले. मी माझी बाजू मांडू शकते. आमचा प्रश्न वेगळा होता, आम्ही दोन्हीकडून होतो, तिथे खरोखरच नव्हतं. ही बाजू मी आठ वर्षं स्वतःला सांगत होते. धर्माचा नियम मी केलेला नाही आणि तो मोडा असं मी आजही म्हणणार नाही. पण चहा पिऊन झाल्यावरही विचारता आलं असतं.

तर २०१९ मध्ये विहीणबाईंच्या बहिणीला सत्तर वर्षं होणार होती आणि ती बहीण यारोस्लाव्लमध्येच राहिलेली. मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि विहीणबाई, सगळे निघाले. मुलाने माझंही तिकीट काढलं. मी का गेले? खरं सांगते, नात तिकडे काय काय खाते यावर लक्ष ठेवायला. त्यासाठी पेटीत मी आईचा बिडाचा तवा घातला. बीड म्हणजे ओतीव लोखंड, मुलांनो. हा तवा आमच्याबरोबर मुंबईहून बोटीने आलेला, वजनाने असा की विमानतळावर पेटी उघडून दाखवावी लागली. तपासणाऱ्या पोरीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि विचारलं, “सव्ता, हे काय?” मी म्हटलं, घावन करायचा तवा. तिने परत ठेवला. घावन म्हणजे काय हे तिने विचारलं नाही याचं मला जरा वाईट वाटलं.

मॉस्कोहून आगगाडीने साडेतीन-चार तास लागतात. आम्ही पोचलो ४ मार्चला, सोमवारी संध्याकाळी. दारातच बहीणबाईंनी मला पाहून टाळी वाजवली आणि म्हणाल्या, “अगदी वेळेवर आली!” कारण विचारलं तेव्हा सुनेने समजावून सांगितलं. मास्लेनित्साच्या प्रत्येक दिवसाला नाव आहे, आणि निम्म्याहून जास्त दिवस नातेवाइकांचे आहेत. सोमवार भेटीचा. पूर्वी त्या दिवशी सकाळी सासू-सासरे सुनेला माहेरी पाठवत आणि संध्याकाळी स्वतः व्याह्यांकडे जात. म्हणजे मी नकळत रीतीप्रमाणेच आले होते. मंगळवार तरुण पोरापोरींच्या खेळांचा. बुधवारी जावयाने सासूकडे ब्लिनी खायला जायचं. गुरुवारपासून मोठी धमाल, बाजार, घसरगुंड्या, घोड्यांच्या गाड्या. शुक्रवारी उलट, सासू जावयाच्या घरी जाते. शनिवारी सून नणंदांना बोलावते आणि त्यांना भेटवस्तू देते. रविवार निरोपाचा, आणि त्याचं दुसरं नाव ‘क्षमेचा रविवार’. त्याचं पुढे सांगते.

हे ऐकून मला फार गंमत वाटली. इंग्रजीत विहिणीला नाव नाही, नणंद आणि जाऊ यांना एकच शब्द. रशियनमध्ये तसं नाही. विहीण म्हणजे ‘स्वात्या’. नणंद म्हणजे ‘झोलोव्का’. बायकोची आई ‘त्योश्चा’, आणि नवऱ्याची आई वेगळी, तिला ‘स्वेक्रोव’ म्हणतात. संस्कृतात सासूला ‘श्वश्रू’ म्हणतात ना, ते आणि हे ‘स्वेक्रोव’ एकाच मुळाचे. नवऱ्याच्या भावाला ते ‘देवेर’ म्हणतात. आपला दीर, हिंदीतला देवर. दाराला ‘द्वेर’ म्हणतात, विस्तवाला ‘अगोन’, म्हणजे अग्नी. आपल्या वर्गात कोणी विचारलं मराठी शिकून काय उपयोग, तर सांगा, यारोस्लाव्लला उपयोग होतो. विहीणबाई तेव्हापासून मला ‘विहीणबाई’ म्हणते, फक्त ‘ण’ तिच्या तोंडात बसत नाही. मी तिला ‘स्वात्या’ म्हणते. पण त्या सोमवारी अजून तसं झालं नव्हतं. त्या सोमवारी आम्ही एकमेकींशी नातीमार्फत बोलत होतो.

ब्लिनी कशी करतात ते सांगते, कारण ते मी नीट बघितलं. गव्हाचं पीठ, कोमट दूध, अंडी, मीठ, चिमूटभर साखर आणि यीस्ट. जुन्या पद्धतीत ग्रेचकाचं पीठ घालतात, ज्याला आपण इथे कुसेमेत म्हणतो. त्याने रंग सावळा येतो आणि चव जरा कडसर लागते. पीठ उबेला ठेवतात, फुगलं की ढवळून पुन्हा फुगू देतात. आंबोळीसारखंच. तवा कडक तापवायचा, काट्याला अर्धा बटाटा टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. आपल्याकडे अर्धा कांदा फिरवतात तसा. पूर्वी बटाट्याऐवजी डुकराची चरबी वापरत, बहीणबाई आजही वापरतात. त्या आठवड्यात बटाटा माझ्यासाठी होता, हे मला तिसऱ्या दिवशी सुनेकडून कळलं. कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

मी पेटीतून तवा काढला तेव्हा स्वयंपाकघरात थोडी शांतता झाली. आपला तवा बरोबर आणणं म्हणजे तुमच्या भांड्यांत आम्ही खाणार नाही असं सांगणं, आणि ते कोणालाही कळतं. बहीणबाईंनी तो हातात घेतला, उलटा करून बुडाला बोट लावलं, नखाने वाजवून बघितला आणि स्वतःचा पातळ तवा सरळ कपाटात ठेवून दिला. “हा चांगला आहे,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर सात दिवस त्या घरात सगळ्यांची ब्लिनी माझ्या आईच्या तव्यावर झाली.

पहिली मी घातली आणि ती चिकटली. खरवडून काढावी लागली. मी खजील झाले, तर दोघी बहिणी एकदम काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्यात म्हण आहे की पहिल्या ब्लिनचा गोळा होतो. मी म्हटलं, आमच्याकडे पहिलं घावन तव्याचं. विहीणबाईंनी तो गोळा बशीत घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. मला वाटलं पाखरांसाठी. नातीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आजोबांसाठी.” पहिली ब्लिन गेलेल्या माणसांची असते. तिचे यजमान २००६ साली वारले, अश्दोदला पुरले आहेत.

मग ती ब्लिनी उलटता उलटता त्यांच्याविषयी बोलू लागली. माझ्याशी नाही, तव्याशी बोलल्यासारखं. सोव्हिएत पासपोर्टात पाचव्या ओळीत माणसाची जात लिहीत, तिथे त्यांच्या नावापुढे ‘यहुदी’ होतं. त्या ओळीपायी त्यांना हव्या त्या शाखेत शिकता आलं नाही, आणि कारखान्यात वरची जागा कधी मिळाली नाही. तिच्या स्वतःच्या आईने सांगितलं होतं, असा नवरा करू नकोस, मुलांच्या ओळी खराब होतील. तिने केला. मग इथे आले तर मुलीला शाळेत ‘रशियन’ म्हणून हाक मारत. “तिकडे आम्ही यहुदी होतो, इकडे आम्ही रशियन आहोत,” ती म्हणाली. हे वाक्य रशियन लोकांकडून मी पूर्वीही ऐकलं होतं, दुकानात, दवाखान्यात. तेव्हा मनात म्हटलं होतं, चाललंय यांचं रडगाणं. त्या दिवशी मात्र मनात आलं, आम्हीसुद्धा तिकडे शनवार तेली आणि इकडे ‘होदिम’, हिंदी.

पण मी बोलले नाही. ब्लिनी खाल्ल्या. वर आंबट दाट मलई, तिला स्मेताना म्हणतात, मध, निळ्या-पांढऱ्या डब्यातलं आटवलेलं दूध, आणि लाल मासळीची अंडी. लाल अंडी सॅमनची, ती मला चालली. काळी स्टर्जनची, त्या माशाला आपल्याला चालणारे खवले नसतात, म्हणून ती नाही. काळी तशीही कोणाला परवडत नव्हती. मलई आणि मासळी एकत्र खावी की नाही यावर आपल्यात दोन मतं आहेत हे मला माहीत आहे, पत्र पाठवू नका.

गुरुवारी सोव्हेत्स्काया चौकातल्या बाजारात गेलो. बर्फ निम्मा वितळून चिखल झालेला, वर ऊन पडलेलं. यारोस्लाव्ल फार जुनं, २०१० साली त्याला हजार वर्षं झाली. त्यांच्या हजार रुबलच्या नोटेवर याच शहराचं चित्र आहे. चौकात दुकानं, समोवारचा चहा, दोरीत ओवलेली कडक पावाची कडी. एका मैदानात साल काढलेला उंच गुळगुळीत खांब उभा केला होता आणि वर बक्षिसाची पिशवी बांधलेली. तरुण पोरं त्या थंडीत सदरे काढून चढत होती आणि घसरून खाली येत होती. मुंबईची दहीहंडी आठवली, पण इथे एकेकटाच चढतो, खाली धरायला कोणी नाही. माझ्या मुलालाही हुक्की आली. दोन माणूसभर उंची चढला असेल. पुढचे दोन दिवस त्याची पाठ शेकत होतो. नातीने बाजारात एक ब्लिन घेऊन खाल्ली, कुठल्या तव्यावरची कोण जाणे. मी तोंड फिरवून चर्चकडे बघत उभी राहिले.

चर्च पांढरं, हिरव्या घुमटांचं, चौकाच्या बरोबर मध्ये. १६४७ ते १६५० मध्ये बांधलेलं. सहज विचारलं कोणाच्या नावाचं, तर विहीणबाई म्हणाली, “इल्या प्रोरोक.” मला नाव कळलं नाही. मुलगा पाठ चोळत म्हणाला, “आई, इल्या म्हणजे एलियाहू. एलियाहू हन्नाबी.”

आता तुम्हीच सांगा, माझं काय झालं असेल. ज्याचं नाव घेतल्याशिवाय आपल्या घरी लग्न होत नाही की बारसं होत नाही, ज्याच्या नावाने मलिदा, ज्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर आहेत आणि लहानपणी बाबांनी मला उचलून दाखवल्या, तो हन्नाबी इथे बर्फात उभा. विहीणबाई म्हणाली, आमच्याकडे आकाश गडगडलं की म्हातारी माणसं म्हणत, इल्याचा रथ चालला. मी म्हटलं, आमच्याकडे तो रथ दगडावर टेकला होता. एवढंच बोलणं झालं, पण ते नातीमार्फत नव्हतं.

मी चर्चमध्ये गेले नाही. बाहेरूनच बघितलं.

शुक्रवारी ८ मार्च होता. तिकडे स्त्रियांचा दिवस, सुट्टी असते, आणि जो तो बायकांना मिमोझाची फुलं देतो. पिवळी गोंड्यांची, थेट आपल्या बाभळीची. सहाच्या आत मी दिवे लावले. शनिवारी घरीच राहिले. बाकीचे घोड्याच्या गाडीत बसून आले. त्या दिवसाला काही सांगण्यासारखं नाही. खिडकीतून नदी दिसायची, गोठलेली, आणि तिच्यावर भोकं पाडून गळ टाकून बसलेली माणसं. दिवसभर त्यांच्यातल्या एकालाही मासा लागलेला मी पाहिला नाही.

रविवारी दुपारी बहीणबाईंच्या मुलाच्या वाडीवर गेलो, शहराबाहेर. गवताचा बाईचा पुतळा केला होता, जुनं पोलकं, डोक्याला फुलांचा रुमाल. ही बाई म्हणजे हिवाळा, तिलाही मास्लेनित्साच म्हणतात. अंधार पडायला लागल्यावर तिला पेटवतात. सगळे फेर धरतात, आरडाओरडा करतात, शिळ्या ब्लिनीसुद्धा आगीत टाकतात.

आपले जुने लोक पुरीमला होळीचा सण म्हणत, ते दोन्ही जवळपास येतात म्हणून. गावात आमच्या आळीसमोरच होळी पेटायची. बाबा आम्हाला ओट्यावर उभं करत आणि सांगत, “लांबून बघायचं, फेर धरायचा नाही.” दुसऱ्या दिवशी शेजारून पुरणपोळ्या यायच्या, त्या आम्ही खायचो. त्या वाडीवरही मी कुंपणापाशी उभी राहिले. नातीने हात ओढला, “सव्ता, चल ना.” मी तिला म्हटलं, “तू जा.” हे बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. बाबांनी मला जा म्हटलं नसतं. ती गेली आणि आजीचा हात धरून फेरात नाचली. गवत लवकर जळतं. पाच-सात मिनिटांत रुमालसुद्धा राहिला नाही.

त्यानंतर क्षमेचं. घरात आल्यावर सगळे एकमेकांसमोर उभे राहिले. लहानाने मोठ्याला, मोठ्याने लहानाला, मान वाकवून म्हणायचं, ‘प्रोस्ती मेन्या’, मला क्षमा कर. समोरच्याने म्हणायचं, ‘बोग प्रोस्तीत, इ या प्रोश्चायू’: देव क्षमा करील, आणि मीही करते. उपासाला बसायच्या आधी मनात काही राहू नये म्हणून. आपणही किप्पुरच्या आधी एकमेकांकडे जातो, तसंच. दोघी बहिणींनी एकमेकींना म्हटलं आणि दोघी रडल्या. काय होतं ते मला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. सूनबाईने माझ्यासमोर मान वाकवली. मी तिला जवळ घेतलं. ते सोपं होतं.

मग विहीणबाई समोर आली. हिब्रूत म्हणाली, “तो चहा मी ओतून टाकला. पाहुण्याला चहा न देता पाठवलं. स्लिखा.”

आठ वर्षं ती तो चहा धरून बसली होती! आणि मला वाटत होतं तिला फक्त माझा प्रश्न आठवतो. मी काहीतरी बोलायला गेले तर हिब्रू सुचेना. मराठीतच बोलले. म्हटलं, “मी विचारायला नको होतं. माझ्या बहिणीला विचारलं होतं तेव्हा माझे बाबा जेवले नव्हते. मला माफ करा.” मुलगा भाषांतर करायला पुढे झाला, तिने त्याला हाताने थांबवलं.

“बोग प्रोस्तीत,” ती म्हणाली. देव क्षमा करील.

वाक्याचा दुसरा अर्धा भाग ती म्हणाली नाही. मी वाट बघितली. मग बहीणबाईंनी समोवार आणला आणि सगळे चहाला बसले. माझ्यापुढे कप ठेवला तो विहीणबाईने. मी लगेच प्यायले, तोंड भाजलं.

आम्ही परत आलो, २१ मार्चला पुरीम झाला. त्या वर्षी भारतातही त्याच दिवशी धुळवड होती. विहीणबाई माझ्याकडे आली, मी करंज्या केल्या होत्या, तिने चार खाल्ल्या. पुढे वर्षभर ती येत राहिली, मी जात राहिले. तिच्या घरी जाताना आईचा तवा नेत असे. मग नेणं-आणणं जड होऊ लागलं म्हणून एक कापडी पिशवी शिवून तो तिच्याकडेच ठेवला. ती त्यात दुसरं काही करत नाही. नातीचं काय, हे तुम्ही विचाराल. ती आता बारा वर्षांची आहे, आपल्या मराठी वर्गात पहिल्या बाकावर बसते, आणि बात मित्स्वाचं काय करायचं यावर घरात अजून बोलणं चालू आहे. शिकून रीतसर आत यायचं की नाही, हे तिने ठरवायचं आहे. मी तिला एकदाही विचारलेलं नाही. विचारणं मला किती जड जातं ते माझं मला ठाऊक, आणि न विचारणंही.

२०२० मध्ये क्षमेचा रविवार १ मार्चला आला. विहीणबाईकडे ब्लिनी होत्या. आम्ही दोघीच होतो, जेवण झालं होतं, ती मोरीपाशी पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. मध्येच म्हणाली, “इ या प्रोश्चायू.”

मला आधी कळलंच नाही काय म्हणतेय. कळलं तेव्हा मी उठून तिच्याजवळ गेले, आणि बघते तर तिच्या हातात माझ्या आईचा तवा, सगळा साबणाच्या फेसात.

“अहो विहीणबाई,” मी ओरडले, “बिडाच्या तव्याला साबण लावायचा नसतो!”